दोन सीटांची गाडी आणि म्हापशाचा शुक्रवार

गोव्यात आठ दिवस राहून मी समुद्र पाहिला नाही, हे सांगितलं की कोल्हापुरात कोणाचा विश्वास बसत नाही. पण मी गेले होते गाडी बघायला, आणि ती गाडी समुद्रापासून बरीच लांब, डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावात, काजूच्या कोठारात उभी होती.

मी दातांची डॉक्टर. बावीस वर्षं कोल्हापूर ते जयसिंगपूर रोज जाऊन-येऊन करते. जमिनीला चिकटून धावणारी एखादी स्पोर्ट्स कार आपल्याकडे असावी, ही इच्छा त्याहून जुनी. वय बावन्न, गुडघे दोन, त्यातला एक बरा, असं माझं वर्णन माझा नवरा मोहन करतो. पण बातमी त्यानेच आणली. त्याचा होस्टेलचा मित्र उल्हास जहाजावरची नोकरी सोडून गावी परतला तेव्हा त्याने हौसेने एक जुनी हायब्रिड स्पोर्ट्स कार घेतली होती. साधारण वीस किलोमीटर विजेवर, पुढे पेट्रोलवर. म्हापशाजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात तो यंत्रं सांभाळतो आणि तीन वर्षं रोज याच गाडीने जातो. आता त्याची पाठ कुरकुरायला लागली, म्हणून गाडी विकायची होती.

“वहिनी, लग्नातल्या घोड्यासारखी एक चक्कर मारून गाडी घेऊ नका,” तो फोनवर म्हणाला. “आठ दिवस राहा. मी वापरतो तशी वापरा. मग ठरवा.”

गुरुवार

मार्चचा पहिला आठवडा होता. तिलारीचा घाट उतरून बस दोडामार्गला आली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. उल्हास गाडी घेऊन आला होता. दारं वर उघडली आणि स्टँडवरचे चार जण चहा सोडून पाहायला लागले. आत बसण्याची पद्धत त्याने मला तिथेच शिकवली: आधी पाठमोरं बसायचं, मग पाय आत घ्यायचे. उतरताना उलटं, आणि दाराची कड धरायची नाही. मी पहिल्या प्रयत्नात डोकं आपटलं.

वाटेत दोन्ही बाजूंना काजू मोहरलेला. गाडी विजेवर चालत होती, त्यामुळे झाडांतल्या पाखरांचा आवाज काचा खाली करून ऐकता येत होता. माझं लक्ष मात्र माझ्या सीटवर. साय घालून चहा करावा तशा रंगाचं ते चामडं, आणि त्यावर हाताएवढा तांबडा डाग.

“हा कसला?”

“शुक्रवारचा,” उल्हास म्हणाला आणि त्याने वळण घेतलं. किंमत ठरवताना हा डाग उपयोगी पडेल, असा हिशेबी विचार माझ्या मनात आला, तो कबूल करते.

घरी त्याची बायको सुलभा अळसांद्याचं तोणाक करून वाट पाहत होती. चवळीपेक्षा थोड्या मोठ्या दाण्यांची ही उसळ, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातली, आणि सोबत कडक कवचाचे गोल पाव, म्हणजे उंडे. कोल्हापुरात आम्ही पाव रश्श्यात बुडवतो. इथे उंडा मोडून त्याचा चमचा करतात. मी तीन उंडे खाल्ले.

शुक्रवार

“उद्या पावणेसहाला निघतो,” एवढंच उल्हासने सांगितलं होतं. मी साडेपाचलाच तयार होऊन गाडीत जाऊन बसले. पाठमोरी, पाय नंतर, डोकं न आपटता. उल्हास बाहेर आला, मला बसलेलं पाहून क्षणभर थांबला, मग त्याने गाडी काढली.

गावाच्या तिठ्यावर दत्ताचा पसरा, म्हणजे वाण्याचं छोटं दुकान. तिथे एक म्हातारी बाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पुढ्यात ओल्या पोत्यात बांधलेल्या तांबड्या भाजीच्या जुड्या. शेजारी उजेडासाठी बॅटरी धरून एक तरुण बाई. उल्हासने काच खाली केली. म्हातारीने वाकून आत पाहिलं, मला पाहिलं.

“जावा, जावा,” ती म्हणाली. “सावकास जावा.”

मी तिला हसून नमस्कार केला. इतक्या पहाटे गावच्या लोकांनी निरोप द्यायला यावं याचं मला कौतुक वाटलं, म्हणजे मी किती शहाणी ते बघा.

म्हापशाला उल्हास कामावर गेला आणि मी शुक्रवारच्या बाजारात शिरले. आमच्याकडे बाजार आधी कानाला कळतो. इथे बायका ओरडत नाहीत. माल मांडतात, पदर सावरतात आणि गिऱ्हाइकाची वाट बघतात. मोयरा गावची हातभर लांब केळी, लाल मिरचीचे ढीग, मातीची भांडी, कोकमं. एका हॉटेलात सुकी भाजी आणि गोड बन खाल्ला. तिखट भाजीबरोबर गोड पाव मागवल्याबद्दल मोहनने मला घरात घेतलं नसतं, पण चव लागते.

साडेआठच्या सुमारास ती पहाटेची म्हातारी दिसली. डोक्यावर बोचकं घेऊन बसस्टँडच्या बाजूने येत होती. एका आडोशाच्या जागेपाशी ती थांबली. तिथे एक मिरचीवाली पोती मांडून बसली होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भांडण झालं नाही. म्हातारीने आपलं पोतं उचललं, पलीकडे डांबरी रस्त्याच्या कडेला भर उन्हात पसरलं आणि त्यावर जुड्या मांडल्या. दहा वाजेपर्यंत भाजीने मान टाकली. मी तिच्याकडून दोन जुड्या घेतल्या, तिने वर एक तशीच दिली. स्वस्तात मिळाली म्हणून मी खूश झाले.

दुपारी बसने गावात परतल्यावर दत्ताकडे साबण घ्यायला गेले. भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एकेक नाव. मी विचारलं, हे काय?

“उल्हासभाऊच्या गाडयेची पाळी,” दत्ता म्हणाला. “एकच शीट न्हू? रोज भांडणां नको, म्हणान देवळातल्या पाळयेसारखी लावन दिली. सोमार मास्तरांचो. मंगळार लाडफ्याच्या बाईचो, तिका पायाच्या डाक्तराकडे जावचां असता. शुक्रार शेवंतीकाकीचो.” मग तो जरा घुटमळला. “आज तुमी गेलास, म्हणान ती पयल्या बशीन गेली.”

ती निरोप द्यायला आली नव्हती, तिच्या सीटवर, तिच्या भाजीच्या डागावर, मी बसले होते.

संध्याकाळी उल्हास घरी आल्यावर त्याला झापलं. “मला सांगायचं नाही?”

“पाहुण्याला सीटवरून उठवायचं? वहिनी, आमच्या घरी तशी रीत नाही.”

बाकीचं सुलभाने सांगितलं. त्या बाजारातली ती जागा कागदावर कोणाची नसते. जी पहाटे येऊन बसते आणि शुक्रवारमागून शुक्रवार बसत राहते, तिची. शेवंतीकाकीला ती सासूकडून मिळाली. सासूने एक अख्खा हंगाम तिला शेजारी बसवून घेतलं, आजूबाजूच्या बायकांनी तिला ओळखलं, मग सासू घरी राहिली. दोन-तीन शुक्रवार जागा मोकळी दिसली की दुसरी कोणी बसते, आणि मग तिला उठ म्हणायला कोणाला तोंड नसतं. पहिली बस म्हापशाला पोचेपर्यंत ऊन चढतं. तीन वर्षं ही जागा गाडीमुळे टिकली होती, आणि एक शुक्रवार मी खाल्ला होता.

रविवार

उल्हासने किल्ली हातात दिली. “आज एकट्याने जा. पेडण्याकडे जा, इब्रामपूरपर्यंत. गाडी मालकासमोर खरं बोलत नाही.”

निघताना त्याने एक सूचना केली: माणूस दिसला की हॉर्न वाजवायचा, कारण विजेवर चालताना गाडी आल्याचं कोणालाच कळत नाही. सुरुवातीला कुत्रीसुद्धा दचकायची. गाडीचा मूळ हॉर्न असा कर्कश की म्हातारे शिव्या द्यायचे. म्हणून त्याने पाववाल्या पोदेराच्या सायकलीला असतो तसा रबरी भोंगा आणला आणि पहाटे खिडकीतून वाजवत निघाला. तिठ्यापर्यंत पाच घरांतल्या बायका पिशव्या घेऊन बाहेर आलेल्या! एकीने तर वर उघडलेल्या दारातून आत हात घालून उंडे किती ते विचारलं. त्या दिवशी भोंगा माळ्यावर गेला.

इब्रामपूरचा रस्ता शेतांमधून, मळ्यांमधून जातो. पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट कर्रकन खरवडलं. दुसरा मी उल्हासने दाखवला तसा तिरका घेतला, एकेक चाक चढवत. गावात एका घरासमोर थांबून पाणी मागितलं. पाणी देणारे आजोबा गाडीभोवती एक फेरी मारून आले.

“आवाज नाय, धूर नाय,” ते म्हणाले. “बरी आसा मगे?”

बरी आहे म्हटल्यावर त्यांनी तिच्या टपावर आजारी गुराच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवला आणि मला बळंच दोन ओले काजूगर खायला लावले.

परतताना एक सरळ, मोकळा तुकडा लागला. मागे-पुढे कोणी नाही. मी पायाखालचा पेडल दाबला. इंजिन जागं झालं, पाठ सीटला टेकली, आणि मी एकटीच मोठ्याने हसले. अर्ध्या मिनिटाचा खेळ होता. पण मला ही गाडी हवी होती. लहान मुलाला हवं असतं तसं हवं होतं, आणि हे मला स्वतःशी मान्य करायला लाज वाटत होती.

सोमवार, मंगळवार

हे दोन दिवस उल्हास सुलभाच्या स्कूटरवर कुरकुरत गेला आणि गाडी मी चालवली. सोमवारी शेजारी निवृत्त मास्तर. ते अस्नोड्यापर्यंत राजकारण बोलले आणि थिवी येईस्तो झोपले. मंगळवारी जवळच्या लाडफे गावातल्या बाई. दोघांनाही आत बसायची युक्ती माझ्यापेक्षा चांगली येत होती. स्पोर्ट्स कार रोज वापरायची म्हणजे काय, ते मला त्या रस्त्यावर कळलं. पुढे खडीचा ट्रक, मागे स्कूटरी, आपण तिशी-पस्तिशीने, बिनआवाजी. उतारावर ब्रेक दाबला की थोडी वीज परत बॅटरीत. म्हापशाला पोचेपर्यंत वीज पुरते, आणि कारखान्यात दिवसभर प्लग लावला की परतीचीही सोय होते. तिची सगळी ताकद आठवडाभर घडी घालून ठेवलेली असते.

“रोज वापरून हौस फिटत नाही का?” मी उल्हासला विचारलं.

“फिटते,” तो म्हणाला. “मग सवय लागते. ती हौसेपेक्षा बरी. पहिले सहा महिने मी तिच्यावर धूळ बसू द्यायचो नाही. आता मास्तर तिच्यात घोरतात आणि मला बरं वाटतं.”

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. मी ही गाडी नेली तर मास्तरांचं काय, लाडफ्याच्या बाईंचं काय? आणि शेवंतीकाकीची जागा तर गेलीच म्हणायची.

बुधवार

रात्रीच्या जेवणाआधी मी जाहीर केलं की गाडी घेणार नाही. “ही गाडी तुमच्या गावाची आहे,” असं काहीतरी म्हणाले. आवाजात जरा कंपही आणला असेल. सुलभाच्या हातातला डाव आमटीतच राहिला. उल्हास हिरमुसल्यासारखा दिसला, “तुमची मर्जी” म्हणाला आणि ताटं मांडायला लागला. मला वाटलं, माझ्या मोठेपणाने बिचारा भारावला.

मोहनला फोन केला. तो ऐकून घेऊन म्हणाला, “त्यागच करायचा होता, तर जयसिंगपुरात संधी काय कमी होती?” मी फोन ठेवला.

गुरुवार

दुपारी मी अंगणात बसले होते. फाटकातून शेवंतीकाकी आली, मागे ती बॅटरीवाली तरुण बाई. ती तिची सून, दीक्षा. काकी पायरीवर बसली, पाणी प्यायली आणि तिने थेट मुद्द्याला हात घातला.

“बाय, तू गाडी घेणस नाय म्हणान दत्तान सांगल्यान. कित्याक गो?”

“काकी, तुमच्यासाठीच,” मी म्हटलं. “गाडी गेली तर तुमची जागा जाईल.”

“माज्यासाठी? मी खंय सांगलंय तुका?” ती अशी उसळली की फाटकावरचं मांजर पळालं. “गाडयेत शीट एक! मी बसलंय तर ही रवता, ही बसली तर मी रवतंय. माजे डोळे गेले. वीसाची नोट खंयची नि पन्नासाची खंयची, ता काय वास घेवन वळखू? ह्या वर्सा हिका कुशीक बसवन दाखयलंय नाय, तर जागा माज्याबरोबर गेली. माका दोन शिटी होयेत!”

मी उल्हासच्या दाराकडे पाहिलं. आज सुट्टी घेतलेला तो तिथे उभा होता.

“चार सीटांची साधी गाडी बघून ठेवलीय,” तो खाली बघत म्हणाला. “मागची डिकी मोठी आहे. ही गेली की ती आणायची. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही नको म्हणालात. विकणाऱ्याने आग्रह कसा करायचा?”

“तीन म्हयने राखणदाराक नारळ ठेवतंय,” काकी हात जोडून त्या गावदेवाकडे गिऱ्हाईक मागावं तशी बोलली, “ह्या गाडयेक गिरायक हाड रे म्हाराजा, म्हणान. त्यान हाडल्यान. आणि गिरायक इलां ता दयाळू होवन इलां!”

सुलभा आधी हसली, मग दीक्षा, तोंडावर पदर घेऊन. मला हसू यायला वेळ लागला. आठवडाभर मी या बाईच्या डोक्यावरचं ओझं पाहिलं, तिची सुकलेली भाजी पाहिली, स्वतःला दोष दिला, तिच्या वतीने निर्णय घेतला. फक्त तिला विचारलं नाही.

त्या दोघी गेल्यावर मी एकटीच कोठारात गाडीपाशी जाऊन उभी राहिले. आता नाही म्हणायला कोणाचं नाव पुढे करता येत नव्हतं. खरं कारण मला ठाऊक होतं. जयसिंगपूरच्या दवाखान्यासमोर दारं पंखांसारखी उघडून मी उतरले असते, तर कंपाउंडर, पेशंट, समोरचा औषधवाला, सगळे हसले असते. म्हातारपणी हे सुचलं, म्हणाले असते. मी त्या हसण्याला घाबरले होते, आणि त्या भीतीला काकीचं लुगडं नेसवलं होतं.

संध्याकाळी उल्हासला सांगितलं की गाडी घेते. डागाबद्दल किंमत कमी मागितली नाही.

शुक्रवार

नवी गाडी यायला अजून आठवडा होता, पण काकीला आणखी एक शुक्रवार गमवायचा नव्हता. मिरचीवाली सलग दुसऱ्यांदा बसली तर संपलंच. म्हणून पाच वाजताच निघालो. काकी माझ्या शेजारी, मांडीवर एक बोचकं, पायांत एक. दीक्षा सुलभाच्या स्कूटरवर उल्हासमागे, दोघांच्या मध्ये तिसरं बोचकं. वाटेत काकी एकदाच बोलली, “जरा दामट गो.” मी दामटली. इंजिन गुरगुरलं आणि काकीने समाधानाने मान हलवली.

बाजारात आडोशाची जागा रिकामी होती. मी गाडी तिथेच कडेला लावून बोचकी उतरवली. काकीने पोतं अंथरलं, पण स्वतः मधोमध बसली नाही. दीक्षाला मध्ये बसवलं आणि आपण कडेला अंग चोरून बसली. जुड्या दीक्षाने मांडल्या. काकीने त्यातल्या दोन उगाच उचलून पुन्हा तिथेच ठेवल्या.

थोड्या वेळाने मिरचीवाली आली. डोक्यावरचं पोतं न उतरवता ती थांबली. दीक्षाची नजर पायांशी.

“ही कोण गो?” मिरचीवालीने विचारलं.

“माजी सून. आता ही बसतली हांगा.”

मिरचीवालीने दीक्षाला नीट पाहून घेतलं, चेहरा, हात, मांडलेली भाजी, सगळं. मग चार हात पलीकडे जाऊन तिने आपलं पोतं उतरवलं. पाण्याची बाटली काढून आधी स्वतः प्यायली आणि मग दीक्षापुढे धरली.

मला राहवेना. दिवसाची पहिली खरेदी, भवानी, मी करते म्हणून पर्स उघडली, तर काकीने हात आडवा घातला. “घरच्या माणसान भवानी करूची नाय. आणि ती गाडी काढ थंयसून, गिरायकाक वाट नाय.”

मी गाडीत बसले, पण गाडी सुरू केली नाही. पिशवी घेतलेली एक बाई आली आणि सवयीने काकीकडे बघून तिने विचारलं, “जुडी कशी गो?”

काकी मान फिरवून रिकाम्या पोत्याची गाठ सोडवत बसली. ती गाठ कधीच सुटलेली होती. बाईने पुन्हा विचारलं. दीक्षाने काकीकडे पाहिलं, मिरचीवालीकडे पाहिलं, घसा साफ केला आणि भाव सांगितला. पहिला शब्द कोणाला ऐकू गेला नाही, म्हणून तिने तो पुन्हा, मोठ्याने सांगितला. बाई तिच्यासमोर खाली बसली आणि जुड्या निवडायला लागली.